पिशिमाचं उपोषण

समाजसेवा करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. गळ्यात हार, हातात पळी, आणि फोटोवाला येईपर्यंत भात गार होत ठेवायचा! लोकांच्या हक्काचं ते त्यांना भीक म्हणून वाढायचं आणि वर त्यांच्याकडूनच नमस्कार घ्यायचा. असलं काही आपण करणार नाही, असं मी कॉलेजात जाहीर करून टाकलं होतं. मी पत्रकं लिहीत असे. ट्रामच्या भाड्यावर, धान्याच्या काळ्या बाजारावर, कॉलेजातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर. विषय कुठलाही द्या, तासाभरात दोन पानं तयार, आणि शेवटच्या ओळीला तीन उद्गारचिन्हं. सगळं बंगालीतून. माझा जन्म कलकत्त्याचा, शाळा बंगाली, त्यामुळे बंगालीत मी जितकी सफाईने भांडते तितकी मराठीत नाही, ही आईची जुनी तक्रार आहे.

फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी पूर्व बंगालमधून माणसांचा आणखी एक लोंढा आला. सियालदाच्या फलाटांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. बालीगंजच्या आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, रुळांच्या पलीकडे पडीक जमीन होती, तिथे बघता बघता बांबूची आणि चटयांची वस्ती उठली. आम्हा विद्यार्थ्यांचं एक मदत मंडळ होतं. त्यांनी वस्तीत दुपारचं स्वयंपाकघर सुरू केलं. मंडळाचा म्होरक्या मेडिकलचा विद्यार्थी होता, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. त्याने मला एका ओळीची चिठ्ठी पाठवली: ‘पत्रकं पुरे. पळी धरायला माणूस हवं आहे.’

गेले. करते काय! दोन मोठ्या हंड्यांत उकडा तांदूळ आणि मसूरडाळीची खिचडी रटरटत असे आणि मी घामाघूम होऊन ती वाढत असे. हार नव्हता, फोटोवालाही नव्हता, एवढंच समाधान.

आठवडाभरात रांगेतली तोंडं ओळखीची झाली. त्यांत एक विधवा बाई होती. चाळिशीची असेल, बिनकाठाचं पांढरं लुगडं, ताठ मान. सगळी वस्ती तिला पिशिमा म्हणायची. पिशिमा म्हणजे आत्या. तिचं रक्ताचं माणूस वस्तीत कुणी नव्हतं, पण तिच्या गावची सातआठ घरं होती आणि त्या सगळ्यांची ती आत्या. भांडण तिने सोडवायचं, बाळंतपण तिने करायचं, नळावरची रांग तिने लावायची. रोज ती माझ्यापुढे वाडगा धरायची, खिचडी घ्यायची, आणि दोन झोपड्या ओलांडून एका घरातल्या पोरांच्या थाळीत ओतायची. स्वतः एक शीतसुद्धा तोंडात घालायची नाही. चौकशी केली तेव्हा शेजारणीने सांगितलं, बारा दिवस झाले, पिशिमा मूठभर लाह्या आणि गुळाच्या खड्यावर आहे.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अन्नत्याग! इतक्या माणसांतून एक निरक्षर बाई उठते आणि सरकारच्या निष्काळजीपणाविरुद्ध मूक उपोषणाला बसते! मी घरी आले आणि जेवण बाजूला सारून लिहायला बसले. ‘एका मातेचा मूक एल्गार’ असं मथळ्याचं मराठी करता येईल. ‘हिच्या रिकाम्या वाडग्यात सरकारने आपलं तोंड पाहावं’ असं एक वाक्य होतं, ते मला त्या वेळी फार आवडलं होतं. शंभर प्रती सायक्लोस्टाइल केल्या आणि शुक्रवारी ट्रामच्या थांब्यांवर वाटल्या.

पत्रकाचा परिणाम झाला. आजवर माझ्या एकाही पत्रकाचा झाला नव्हता, याचा झाला. शनिवारी दुपारी निर्वासितांच्या कचेरीतले एक बाबू छत्री काखेत मारून वस्तीत हजर. हातात माझं पत्रक.

“उपोषणाला बसलेली ती बाई कोण?”

मी छाती पुढे काढून पिशिमाकडे बोट दाखवलं. बाबूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, मनगटं काड्यांसारखी झाली होती.

“हिचं माणूस कोण?”

“कुणी नाही. एकटी आहे.”

“मग हिला इथे ठेवता येणार नाही,” बाबू म्हणाले. “एकट्या अशक्त बायकांसाठी शहराबाहेर छावणी आहे. मंगळवारी डॉक्टर घेऊन येतो. जेवत नसेल तर त्याच दिवशी हलवू. माझ्या भागात बाई उपाशी मेली तर मला उत्तर द्यावं लागतं.”

ते निघून गेले. मी वळले तर पिशिमा कमरेवर हात ठेवून उभी.

“काय लिहिलंस गं माझ्याबद्दल?”

मी वाचून दाखवलं. पहिलं पान तिने ऐकून घेतलं. वाडग्याच्या वाक्याला तिने हात वर केला.

“थांब. उपोषण? मी? ओ मा! अगं, मला भूक लागलीय!”

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. पिशिमा हसत नव्हती.

“मी विधवा आहे. उकडा तांदूळ मला चालत नाही. तो गिरणीत एकदा शिजलेला असतो, पुन्हा शिजवायचा म्हणजे दोनदा खाल्ल्यासारखं. मला आतप लागतो, उन्हात वाळवलेला. तुमच्या डाळीत मसूर. तो चालत नाही. कांदा. तोही चालत नाही. आणि माझं मी शिजवते, माझ्या भांड्यात, माझ्या चुलीवर. भांडं राहिलं गावाकडे. एवढंच आहे. रोज तुझ्यासमोर उभी राहत होते ना मी? विचारायचंस!”

“पण हा अन्याय आहे!” मी म्हणाले. आता खरंच माझा संताप झाला होता. “नवरा मेला म्हणून तांदूळ कसा बदलतो? कुणी ठरवलं हे? पुरुषाला नाही ठरवलं कुणी! मी यावर—”

“लिही. जरूर लिही. पण ती छावणी लांब आहे. तिथे मला पिशिमा कोण म्हणणार? गाव सुटलं तेव्हा ही माणसं तेवढी बरोबर आली. मंगळवारच्या आत मला आतप तांदूळ आण, मग वाटेल तेवढं लिही.” मग तिचं तोंड थोडं सैल झालं. “मराठी ना तू? बर्गीची पोर. लहानपणी आम्ही झोपलो नाही तर बर्गी येऊन धान लुटून नेतील म्हणायचे. आता ते परत आणून दे म्हणावं.”

बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार. हे सगळ्या वस्तीला फार आवडलं. त्या दिवसापासून तिथे माझं नाव बर्गी पडलं ते कायमचं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आईचं म्हणणं असं की विधवा बाईला उपासाचं चालतंच चालतं, आणि रविवारी सकाळी तिने डबाभर साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची, वरून खोबरं. मी धावत डबा घेऊन गेले. पिशिमाने झाकण उघडलं, वास घेतला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शेण खाल्लं असावं.

“साबू? मला काय ताप आलाय?”

बंगाल्यांत साबुदाणा म्हणजे आजाऱ्याची पातळ पेज, हे मला माहीत असायला हवं होतं. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आणि साबूत मिरची! तुमच्याकडे आजारी माणसाला मारतात की काय? शिवाय शिजवली कुणी? तुझ्या आईने. म्हणजे मला चालत नाहीच.” तिने डबा मागे वळवला आणि तिथे जमलेल्या पोरांनी तो दोन मिनिटांत चाटून पुसून लख्ख केला. एक मुलगी मिरची लागून नाचत होती आणि आणखी मागत होती.

घरी परत आले ती रडकुंडीला येऊन. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझी आत्या तांदूळ निवडत बसली होती. माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. बालविधवा, वीस वर्षं आमच्या घरात. रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्यात, वेगळ्या पातेलीत स्वतःपुरता भात लावणारी. रात्री भाताला न शिवणारी. हे मी जन्मभर पाहत होते. विधवांच्या प्रश्नावर मी दोन पत्रकं लिहिली होती, एक तर आत्याच्याच खोलीत बसून, तिच्या दिव्याच्या उजेडात. आणि पिशिमा का जेवत नाही हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

आत्याने माझी कहाणी ऐकून घेतली. आई म्हणाली, “मी एवढी मरमरून खिचडी केली!”

“खिचडी कसली घेऊन जाता,” आत्या म्हणाली. “तिला चूल द्या.”

एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने तिने यादी सांगायला सुरुवात केली, नि मी पाठकोऱ्या पत्रकावर ती लिहून घेतली. नवं कोरं पितळेचं पातेलं. मातीची चूल. मुगाची डाळ. सैंधव. चमचाभर तूप. एक चटई आडोशाला, कारण चार माणसांसमोर जेवायला तिला लाज वाटेल. “आणि तांदूळ नुसता एक दिवसाचा नेऊ नकोस. आजच्या दिवसाचा उपकार, नि परवापासून पुन्हा लाह्या. असला उपकार कुणाला हवाय?”

पण आतप तांदूळ आणायचा कुठून? रेशनच्या दुकानात तो क्वचित यायचा. आमच्यासारख्या मराठी घरांना उकडा आवडत नाही, त्यामुळे आम्हीच तो आला की पोत्यावर झडप घालायचो. म्हणजे आतप होता तो आम्हा मराठ्यांच्या डब्यांत! आणि वस्तीत काय होतं? गहू. तांदळाबरोबर रेशनवर गहू घ्यावाच लागे, आणि पूर्व बंगालच्या त्या बायकांना पोळी लाटायची म्हणजे शिक्षा वाटायची. गहू डब्यांतून तसाच पडून होता, किडे धरत होता. इकडे आमच्या घरांत पोळ्यांना गहू पुरत नव्हता. त्यांचा गहू आम्हाला, आमचा तांदूळ त्यांना. इतकं सोपं!

दादाला सांगितलं तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “रेशनचं धान्य अदलाबदल करायचं नाही, असं पत्रक कुणी काढलं होतं?”

“मी,” मी म्हणाले.

“जोरदार होतं.”

“ते काळ्या बाजारवाल्यांसाठी होतं. भुकेल्या बायकांसाठी नव्हतं.”

“तसं त्यात लिहिलेलं नाही.”

“मग चुकलं माझं! आता तुझं काय म्हणणं आहे, तिला छावणीत पाठवू?”

दादा हसला आणि म्हणाला, त्याने काही ऐकलेलं नाही.

सोमवारी आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझा त्यावर चार वर्षं बहिष्कार होता. सवाष्णींना बोलवायचं, विधवांना नाही, आणि आमची आत्या दिवसभर तिळाचे लाडू वळून संध्याकाळी आतल्या खोलीत दार लोटून बसायची. मी निषेध म्हणून दर वर्षी त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसत असे. आत्याला माझ्या निषेधाचा काय उपयोग होता कोण जाणे. तिच्याजवळ येऊन बसले असते तर झाला असता.

त्या वर्षी मी गच्चीवर गेले नाही. बालीगंजच्या आणि थेट बागबाजारच्यासुद्धा पंचवीसेक मराठी बायका दिवाणखान्यात जमल्या होत्या. मी मधोमध उभी राहिले आणि सुरू केलं: “भगिनींनो, आज आपण इथे वाण लुटत असताना—”

“अगं, पत्रक नको वाचूस,” बागबाजारच्या एक काकू म्हणाल्या. “किती तांदूळ हवा ते सांग.”

सांगितलं. गव्हाचंही सांगितलं. गहू म्हटल्यावर दिवाणखान्यात जी खळबळ उडाली ती तीन उद्गारचिन्हांनी कधी उडवली नव्हती. कुणी वाटीभर देते म्हणालं, कुणी पायलीभर. काकू म्हणाल्या, “पण त्या बाईंना काय काय लागतं ते नीट कळलंय का तुला? की पुन्हा साबुदाणा?”

“ते आत्याला माहीत आहे.”

“मग त्यांना बोलवा की बाहेर!”

हळदीकुंकवाची ताटं मध्ये मांडलेली. मग आईच उठली, आतल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, “वन्सं, या बाहेर. तुमच्यावाचून अडलंय.” आत्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. ताटं मध्ये होती म्हणून. काकूंनी ताट उचललं आणि तिच्या वाटेतून बाजूला केलं. एवढंच झालं. फार काही बदललं असा दावा मी करत नाही. पण त्या दारातल्या पाटावर बसून आत्याने पंचवीस बायकांना कामं वाटून दिली आणि एकीचीही टाप नव्हती नाही म्हणायची.

शेवटी ती माझ्याकडे वळली. “आणि तो तुझा बाबू कधी येणार म्हणालीस?”

“उद्या. मंगळवारी.”

“उद्या एकादशी आहे.”

पंचांग पाहायचं नाही हे माझं तत्त्व! एकादशीला बंगाली विधवा पाणीसुद्धा घेत नाही. मंगळवारी डॉक्टर यायचा, आणि पिशिमा निर्जळी बसलेली. शेजारी कोरी चूल, भरलेला डबा, आणि तोंडात काही नाही. माझ्या पत्रकाची सही-शिक्क्यानिशी खात्री!

मंगळवारी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभी होते. बाबू आले तशी मी जी सुरुवात केली ती त्यांनी छत्री खुंटीला अडकवेपर्यंत संपली नाही. आतप, मसूर, चूल, एकादशी. बाबूंचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“माझी आई विधवा आहे,” ते म्हणाले. “माझ्याच घरी असते. आज तीही...” मग ते एकदम चिडले. “मग तुम्ही पत्रकात उपोषण का लिहिलंत? आतप तांदूळ हवा असं सरळ लिहायचं!”

“मग तुम्ही आला असतात?”

ते खोकले. खरं म्हणजे नसते आले, आणि हे आम्हा दोघांनाही कळलं. ते म्हणाले, “बुधवारी सकाळी सातला येतो. पारणं लवकर करतात.”

बुधवारी थंडी होती. आत्या माझ्याबरोबर निघाली, वीस वर्षांत पहिल्यांदा देवळाखेरीज कुठेतरी. डोक्यावर पदर, हातात पितळेची पातेली, दुसऱ्या कुणाला धरू देईना. पिशिमा चुलीपुढे बसली होती. दोघींनी एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. एकीला मराठीशिवाय येत नाही, दुसरीला बंगालीशिवाय. आत्याने पातेली पुढे ठेवली. पिशिमाने ती उलटी करून बुडाला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग दोघी चुलीत फुंकर घालायला वाकल्या.

बाबू आणि डॉक्टर उलट्या बादल्यांवर बसले होते. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तेव्हा पिशिमा चुलीपासूनच म्हणाली, “इतके दिवस मी थांबले, डॉक्टरबाबू. तुम्ही जरा थांबा.” मग चटईचा आडोसा झाला.

“पण ती जेवली हे मी पाहणार कसं?” डॉक्टर कुजबुजले. बाबूंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

बऱ्याच वेळाने आत्या बाहेर आली. “सांग त्यांना,” ती मला म्हणाली, “दुसऱ्यांदा वाढून घेतला. तूप कमी पडलं.”

मी बंगालीत सांगितलं. वस्तीतल्या बायकांनी उलू दिला, लग्नात देतात तसा जीभ हलवून. डॉक्टरांनी पिशिमाची नाडी पाहिली, हिला कुठेही हलवायची गरज नाही असं कागदावर लिहिलं, आणि बाबूंनी त्याखाली सही ठोकली. पिशिमा माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता लिही, बर्गी.” मी लिहिलं नाही. पातेली घासायला पाणी हवं होतं, ते आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेशेजारी आणखी एक रांग उभी होती. पांढऱ्या लुगड्यातल्या सहा बायका. याही इतके दिवस लाह्यांवर होत्या, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. मी शहाणी झाले होते. वाढायच्या आधी प्रत्येकीला विचारत गेले: तांदूळ कोणता, डाळ कोणती, चूल आहे का, भांडं आहे का. आत्या गव्हाची पोती उघडून बसली होती आणि तिच्याभोवती आमच्या मराठी बायकांची झुंबड होती. सगळं कसं छान चाललं होतं.

रांगेत शेवटी सातवी एक बाई होती. तिच्या भांगात सिंदूर होता, हातात शंखाच्या बांगड्या.

“तुम्हाला तर उकडा चालतो,” मी म्हणाले. “तुम्ही या रांगेत कशाला?”

“चालतो की,” ती म्हणाली. “सगळं चालतं मला. पण बाई, विचारतेच आहेस म्हणून सांगते. तुमची ती खिचडी तोंडात घालवत नाही. कोण करतं गं ती?”

दादा करत असे. मी तिला तशीच हाताला धरून त्याच्याकडे घेऊन गेले.